घशाचे दुखणे आणि औषधाची बाटली

दिवाळीचे हिशेब उरकतात, आंबिया बहाराचा संत्रा बाजारात उतरू लागतो, जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग लागतात, आणि पहाटेच्या पहिल्या गारव्याबरोबर आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात घरोघर एकच तक्रार ऐकू येते : घसा धरला. गादीवर बसलेल्या मुनिमापासून शाळेत जाणाऱ्या नातवापर्यंत सर्वांना गाठणारे हे दुखणे इतके ओळखीचे आहे की, त्याचा विचार करण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. दुकानातून एक बाटली आणावयाची, दोन चमचे पाजावयाचे, आणि झाले. परंतु २०२५ च्या पावसाळ्याअखेरीस आपल्या शेजारी जे घडले, त्यानंतर या बाटलीकडे पूर्वीच्या बेफिकिरीने पाहणे कोणाही गृहस्थास शक्य राहिलेले नाही. त्याची हकीकत पुढे येईलच. प्रथम दुखण्याचे स्वरूप पाहू.

घसा म्हणजे नाक आणि तोंड यांच्या मागची सामाईक वाट. हवा तिथूनच जाते आणि अन्नही तिथूनच. साहजिकच बाहेरून येणाऱ्या प्रत्येक उपद्रवाची पहिली गाठ येथेच पडते. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या टॉन्सिलच्या गाठी हे या वाटेवरचे नाके होय. तिथे रोगजंतूंशी झटापट होते, रक्ताचा ओघ वाढतो, त्वचा लाल होते, सुजते, आणि गिळताना काटा टोचल्यासारखे वाटते. म्हणजे दुखणे आणि सूज ही बऱ्याच अंशी शरीराच्या प्रतिकाराचीच खूण असते.

हा उपद्रव बहुतेक वेळा विषाणूंचा, म्हणजे साध्या पडशाच्या जातीचा असतो. नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो, डोळे चुरचुरतात. अशा घशाला कोणतेही औषध दिले किंवा न दिले, तरी आठवडाभरात तो आपोआप सुटतो. विषाणूंवर प्रतिजैविकांचा काडीमात्र परिणाम होत नाही. तिसऱ्या दिवशी गोळी घेतली आणि पाचव्या दिवशी बरे वाटले, तर गोळीला श्रेय मिळते. न घेताही पाचव्या दिवशी बरेच वाटले असते. आपल्याकडे या गैरसमजावर कितीतरी गोळ्या खपत असतात.

येथे संत्र्याची बाजू मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. ज्या प्रदेशाची उपजीविका या फळावर चालते, त्याच प्रदेशात 'संत्रे खाऊ नको, घसा धरेल' असे मुलांना सांगितले जाते, ही मोठी गंमत आहे. आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तोडीला येतो आणि पडशाचे विषाणूही हवा पालटताच, म्हणजे याच सुमारास फिरू लागतात. दोघांची वेळ एक पडल्यामुळे आळ फळावर येतो. आधीच सोललेल्या घशाला संत्र्याचा आंबटपणा झोंबतो हे खरे, तेव्हा दोन-चार दिवस थांबावे. पण घशाचा रोग संत्र्याने होत नाही. कापसाचा तुसडा, मिरचीची धूळ, चुलीचा आणि कचरा जाळल्याचा धूर यांवर मात्र घसा खवखवल्याचा आरोप खुशाल ठेवावा. जिनिंगमध्ये किंवा किराण्याच्या वखारीत काम करणाऱ्या माणसांना नाकातोंडावर फडके बांधण्यास सांगणे आणि ते स्वच्छ धुतलेले फडके पुरविणे मालकास सहज जमण्यासारखे आहे.

आता त्या थोड्या घशांविषयी, ज्यांच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. लहान मुलांच्या घसादुखीत सुमारे २० ते ३० टक्के वेळा, आणि मोठ्यांत ५ ते १५ टक्के वेळा, स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जिवाणू कारण असतो. याची चाल वेगळी. ताप एकाएकी चढतो, गिळणे कठीण होते, टॉन्सिलवर पांढुरके ठिपके दिसतात, जबड्याखाली मानेच्या पुढील बाजूस अवधाण येऊन ते दाबल्यावर दुखते. आणि विशेष म्हणजे खोकला व वाहते नाक सहसा नसते. पाच ते पंधरा या वयात याची भीती अधिक, कारण घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही थोड्या मुलांना सांधे सुजून ताप येतो आणि त्या संधिवाताच्या तापात हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. आज चाळिशीत झडपेची शस्त्रक्रिया करावी लागणाऱ्या कित्येक रुग्णांच्या दुखण्याचे मूळ बालपणीच्या दुर्लक्षित घशात असते. उपाय जुना, स्वस्त आणि खात्रीचा आहे : पेनिसिलीन. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत ते सुरू केले तरी हृदयाचे रक्षण होते, म्हणून वैद्याकडे जाण्यास एक दिवस उशीर झाला तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र तोंडाने घ्यावयाचा क्रम दहा दिवसांचा आहे. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की उरलेल्या गोळ्या 'पुढच्या वेळेसाठी' कपाटात ठेवण्याची काटकसर अत्यंत महाग पडते.

घरगुती उपचारांत पहिला मान कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांना. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ पुरे. सुजलेल्या त्वचेतील पाणी मीठ ओढून घेते, चिकट कफ सुटतो, आणि दिवसातून चार-पाच वेळा केल्यास गिळणे सोपे होते. गुळण्या करता न येणाऱ्या लहान मुलास नुसते कोमट पाणी, पातळ पेज किंवा मुगाचे कढण द्यावे. वाफ घेणे सुखावह असते, परंतु उकळत्या पातेल्याजवळ मुलाला बसवू नये. घशाच्या दुखण्यापेक्षा भाजण्याचे दुखणे फार मोठे.

मध खोकल्याला उतार देतो हे परीक्षणांत आढळले आहे, आणि एक वर्षाच्या आतील बाळास तो मुळीच देऊ नये असेही वैद्यकशास्त्र बजावते. आपल्या घरांत मध वर्ज्य आहे, ओले आलेही पुष्कळ घरी कंदमूळ म्हणून वर्ज्य. त्यामुळे काही मोठे हातचे जाते असे मानण्याचे कारण नाही. सुंठ चालते, हळद चालते, लवंग आणि खडीसाखर प्रत्येक डब्यात असतेच. खडीसाखर चघळल्याने लाळ सुटते आणि कोरडा घसा ओला राहतो, एवढेच तिचे काम आणि तेवढे ती चोख करते. पाच वर्षांखालील मुलाच्या तोंडात मात्र खडा किंवा लवंग देऊ नये, श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. ज्येष्ठमधाचा तुकडा चघळण्याची सवय असलेल्या वडीलधाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी : ते सातत्याने घेतल्यास रक्तदाब वाढतो व अंगातील पोटॅशियम कमी होते, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णांनी त्यापासून दूर राहावे.

उकळून गाळलेले पाणी पिण्याचा परिपाठ आपल्या घरी आहे आणि त्याने पोटाचे अनेक रोग टळतात. पण घशाचे जंतू मुख्यतः शिंका-खोकल्याच्या तुषारांतून आणि उष्ट्या भांड्यांतून पसरतात. दुकानातील माठ कितीही स्वच्छ असला तरी त्यावरचा पेला दहा जणांच्या ओठांना लागत असेल तर त्या स्वच्छतेचा उपयोग काय? चौविहाराचा नियम पाळणाऱ्या मोठ्यांनी आजारपणात सूर्यास्तापूर्वी पाणी भरपूर घ्यावे. तापाने फणफणलेल्या मुलाला मात्र रात्रभर पाण्यावाचून ठेवू नये. जाता जाता सांगावयाचे ते असे की, ज्यांचा घसा रोज सकाळी आंबट, कोरडा आणि खरखरीत असतो त्यांच्या बाबतीत दोष पुष्कळदा पोटातून वर चढणाऱ्या आम्लाचा असतो, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना त्याचा त्रास कमी होणे स्वाभाविक आहे.

ताप व वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. त्यातही एक खाचखळगा आहे. मुलांच्या बाटल्या निरनिराळ्या तीव्रतेच्या मिळतात : एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, कोणात १२५ मिलिग्रॅम औषध तर कोणात २५०. 'मागे दोन चमचे दिले होते, आताही दोन द्या' या हिशेबाने मात्रा दुप्पट होऊ शकते. मात्रा मुलाच्या वजनावरून ठरते आणि ती वैद्याने लिहून दिलेली असावी. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

आता त्या बाटलीची हकीकत. २०२५ च्या ऑगस्टअखेरपासून छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात सर्दी, खोकला व ताप अशा किरकोळ तक्रारी असलेली लहान मुले काही दिवसांतच अत्यवस्थ होऊ लागली. लघवी बंद होई, ओकाऱ्या होत, मूत्रपिंडे निकामी होत. पालकांनी त्यांना नागपूरला धावतपळत नेले. वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालील होती आणि परासियाबरोबर बैतूल व आपला पांढुर्णा जिल्हाही या शोकातून सुटला नाही. मुलांना 'कोल्ड्रिफ' नावाचे खोकल्याचे पातळ औषध दिले गेले होते. तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यातील ज्या कारखान्यात ते तयार झाले, तेथील नमुन्यात शासकीय प्रयोगशाळेस ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. अनुमत मर्यादा ०.१ टक्का! ४ ऑक्टोबर रोजी मध्य प्रदेश शासनाने त्या औषधावर बंदी घातली आणि पुढे कारखान्याचा परवाना रद्द झाला.

हे द्रव्य कारखान्यांतील इतर कामांसाठी वापरले जाते. रंगहीन, दाट आणि चवीला गोड असल्यामुळे ते ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल या निर्धोक द्रावकांसारखेच दिसते, आणि त्यांच्याहून स्वस्त पडते. व्यापारी वाचकांस याहून अधिक सांगावयास नको. वानगी तपासल्यावाचून माल उचलला की काय होते हे धान्याच्या व्यवहारात आपण जाणतो. तेथे फार तर पैशाचा तोटा होतो.

आणि हे प्रथमच घडले असेही नाही. १९३७ साली अमेरिकेत, नेमक्या स्ट्रेप्टोकॉकसच्या घशावर गुणकारी ठरलेले सल्फानिलामाइड हे औषध मुलांना घेता यावे म्हणून एका कंपनीने पातळ करून विकावयास काढले. द्रावक म्हणून हेच विष घातले, रास्पबेरीचा स्वाद दिला, आणि विषारीपणाची परीक्षा केलीच नाही. शंभरावर माणसे मरण पावली. त्या वेळच्या कायद्याने औषधाची सुरक्षितता तपासणे बंधनकारकच नव्हते. खटला भरता आला तो केवळ नावावरून, कारण 'एलिक्झिर' म्हणविणाऱ्या औषधात मद्यार्क असावयास हवा होता आणि तो नव्हता. पुढच्याच वर्षी तेथे कडक कायदा झाला. आपल्याकडे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने १९८८ साली औषध-प्रशासनाचे सारे वाभाडे काढले. २०२२ साली गॅम्बिया देशात सुमारे सत्तर बालके अशाच रीतीने गेली. ती औषधे भारतातून गेलेली होती.

परासियाच्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची पातळ औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना सामान्यतः देऊ नयेत. मुलांचा खोकला बहुधा आपोआप थांबतो, आणि या औषधांचा गुण इतक्या लहान वयात सिद्धही झालेला नाही. म्हणजे त्या बालकांना जे पाजले गेले त्याची मुळात गरजच नव्हती, ही या सर्व प्रकारातील सर्वांत जीवघेणी गोष्ट होय.

आपल्या बंधूंपैकी ज्यांची औषधांची दुकाने आहेत त्यांच्यावर या भागात फार लोक विसंबून असतात. पुष्कळदा वैद्याच्याही आधी त्यांनाच विचारले जाते. त्यांनी वैद्याच्या चिठ्ठीवाचून लहान मुलासाठी बाटली अथवा कोणालाही प्रतिजैविक देऊ नये, पावतीवर बॅच क्रमांक अवश्य लिहावा, आणि बिलाशिवाय आलेला स्वस्त माल दारातूनच परत करावा. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, ही भीती खरी आहे. तरीही. किराण्याच्या दुकानात चहापत्तीशेजारी गोळ्यांची पाकिटे ठेवण्याची जी पद्धत खेड्यापाड्यांत आहे, तिलाही आता रजा द्यावी हे बरे. पालकांनी औषध संपेपर्यंत बाटली व पावती जपून ठेवावी. औषध चालू असताना मुलाची लघवी कमी झाली, ओकाऱ्या सुरू झाल्या किंवा ते गुंगीत जाऊ लागले, तर बाटली बरोबर घेऊन तत्काळ मोठ्या रुग्णालयात जावे.

तातडीची आणखी काही चिन्हे आहेत. श्वास घेताना आवाज होणे, लाळही गिळता न येणे, तोंड उघडता न येणे, बोलणे घोगरे व अडखळते होणे, मान सुजणे, या वेळी सकाळची वाट पाहू नये. पूर्वी ज्याच्या नावाने घरे हादरत तो घटसर्प आता विरळा असला तरी नामशेष झालेला नाही. घशात राखाडी पडदा धरतो, तो ओढू गेल्यास रक्त येते, आणि मान बैलासारखी फुगते. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांची लस, पुढे दीड-दोन वर्षांची आणि पाचव्या-सहाव्या वर्षाची मात्रा, तसेच दहाव्या व सोळाव्या वर्षीचे टीडीचे इंजेक्शन, हा सारा क्रम सरकारी केंद्रात विनामूल्य आहे. पहिल्या मात्रा बहुतेक घरी होतात. विस्मरण होते ते दहाव्या आणि सोळाव्या वर्षाचे.

राहिला बसलेला आवाज. लिलावात दिवसभर बोली पुकारणाऱ्यांचा घसा बसणे नवे नाही. त्यांनी दोन दिवस मौन पाळावे. कुजबुजणे हे मौन नव्हे, उलट त्याने स्वरतंतूंवर अधिक ताण पडतो. परंतु तंबाखू, खर्रा किंवा विडीची सवय असलेल्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांनंतरही सुटला नाही, अथवा एकाच बाजूला दुखत राहून कानापर्यंत कळ जाऊ लागली, तर गुळण्या व काढे बाजूला ठेवून त्याने कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाला घसा आतून दाखवावा. कर्करोग या अवस्थेत सापडला तर बरा होण्याची आशा पुष्कळ असते, आणि तपासणीस काही मिनिटेच लागतात.