विकतची भीती आणि सुरक्षिततेचा हिशेब

माणसाने पैसे मोजून भीती विकत घ्यावी, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठांत सहजासहजी बसणारी नाही. तेथील माणूस सुख मिळविण्यासाठी मोल देतो आणि संकट टाळण्यासाठीही मोल देतो. परंतु थीम पार्कमधील कृत्रिम नदीच्या काठी तराफ्यात बसण्यासाठी तासन्‌तास रांग लावणारी कुटुंबे नेमकी भीतीच विकत घेत असतात. अर्थात या भीतीला एक न लिहिलेली अट जोडलेली असते. भीती खरी वाटावी, पण धोका खरा नसावा! तिकिटाच्या रकमेत या दोन्ही गोष्टींचे मोल धरलेले असते. त्यांपैकी पहिली वस्तू गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसते, अंगावर उडणाऱ्या पाण्याने जाणवते. दुसरी मात्र त्याला कधीच दिसत नाही. या धंद्यातील सारा पेच याच एका विषमतेत आहे.

खऱ्या नदीतील तराफ्याच्या प्रवासात निसर्गाचा लहरीपणा गृहीत धरलेला असतो. कोलाडजवळच्या कुंडलिकेवर वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर हा खेळ चालतो, तरी तेथे शिरस्त्राण आणि तरंगजाकीट घालूनच माणूस पाण्यात उतरतो आणि हाती वल्हे घेतो. कृत्रिम नदीत पंपांनी पाणी फिरविलेले असते, वळणे आखलेली असतात आणि प्रवासाच्या शेवटी सरकता पट्टा तराफ्याला उचलून उतरण्याच्या जागी आणून सोडतो. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील ॲस्ट्रोवर्ल्ड उद्यानात १९८० साली इंटामिन या कंपनीने या प्रकारची पहिली नदी उभारली आणि पाहता पाहता जगभरच्या उद्यानांत तिच्या आवृत्त्या निघाल्या. वर्तुळाकार तराफा, त्यात समोरासमोर बसलेली माणसे आणि कोण अधिक भिजणार याची गंमत, असे तिचे रूप. आगगाडीसारख्या उंच झोक्यावर बसायला न धजणारी आजी आणि लहान नातू दोघेही येथे निःशंकपणे बसतात. ही निःशंकताच पुढील हकीगतीचे मर्म आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात, गोल्ड कोस्ट भागात ड्रीमवर्ल्ड नावाचे उद्यान आहे. तेथील ‘थंडर रिव्हर रॅपिड्स’ ही नदी १९८६ च्या डिसेंबरात सुरू झाली. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी दुपारी तिचा एक पंप बंद पडला. तोच पंप त्या दिवशी आधी दोनदा बंद पडला होता आणि दोन्ही वेळा तो पुन्हा चालू करून खेळ पुढे नेण्यात आला होता. या खेपेस पाण्याची पातळी झपाट्याने उतरली आणि एक तराफा पट्ट्याच्या टोकाशी असलेल्या लोखंडी आधारांवर टेकून अडकला. पट्टा मात्र चालूच राहिला. त्याने सहा माणसांचा दुसरा तराफा आणून पहिल्यावर आदळला. तो तराफा उभा झाला, यंत्रणेत ओढला गेला आणि चार प्रौढ व्यक्ती प्राणांस मुकल्या. त्याच तराफ्यातील दोन मुले वाचली.

हा केवळ दैवाचा घाला होता काय? कोरोनरच्या चौकशीचा निष्कर्ष फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले. तीस वर्षांत या खेळातील धोक्यांचे सर्वांगीण परीक्षण एकदाही झाले नव्हते. पाण्याची पातळी घटताच पट्टा आपोआप थांबेल अशी सोय नव्हती. पाणी किती उतरले हे भिंतीवरील ओलाव्याच्या खुणेवरून ओळखावे, अशी रीत होती. पट्टा तत्काळ थांबविणारी कळ उतरण्याच्या जागी होती, पण तेथे उभ्या असलेल्या कर्मचारी तरुणीला या खेळाचे शिक्षण त्याच दिवशी सकाळी मिळालेले होते आणि त्या कळीचे महत्त्व तिला समजावून देण्यात आले नव्हते. पट्ट्याच्या मूळच्या फळ्यांपैकी अनेक काढून टाकल्यामुळे मध्ये रुंद फटी राहिल्या होत्या. सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही की, २००१ साली प्रवासी नसताना याच ठिकाणी तराफे एकमेकांवर आदळून एक उलटला होता. म्हणजे इशारा पंधरा वर्षे आधी मिळालेला होता. मधल्या काळात माणसे बदलली, कागद फायलींत गेले आणि संस्थेची स्मृती पुसली गेली.

स्वस्त उपाय का होत नाही?

पाण्याची पातळी मोजून यंत्र थांबविणारे साधे उपकरण फारसे खर्चिक नसते, हेही चौकशीत स्पष्ट झाले. मग उपाय इतका स्वस्त असताना तो तीस वर्षे का झाला नाही? मालकाच्या लोभाकडे बोट दाखवून या प्रश्नातून सुटका होत नाही. उद्यानाचा बहुतेक खर्च स्थिर स्वरूपाचा असतो. जमीन, यंत्रे, व्याज हा खर्च एक माणूस आला काय आणि दहा हजार आले काय, तेवढाच राहतो. साहजिकच खेळ बंद असलेला प्रत्येक तास हा शुद्ध तोटा ठरतो आणि तो त्याच दिवशी हिशेबात दिसतो. उलट, टळलेला अपघात कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ज्या व्यवस्थापकाने खेळ वेळेवर थांबविला, त्याच्या नावावर रांगेतल्या लोकांची नाराजी जमा होते. वाचलेले प्राण जमा होत नाहीत, कारण ते वाचले हे कोणालाच कळत नाही.

ॲडम स्मिथने १७७६ साली भागभांडवली कंपन्यांविषयी शंका व्यक्त केली होती. दुसऱ्याच्या पैशाचे व्यवस्थापन करणारे लोक स्वतःच्या पैशाइतकी दक्षता दाखविणार नाहीत, असा तिचा आशय होता. येथे तर दुसऱ्यांचा पैसाच नव्हे, दुसऱ्यांचे प्राण व्यवस्थापनाच्या हाती असतात. आणि ज्याचे प्राण पणाला लागतात, त्याला देखभालीची वही पाहण्याचा अधिकार नसतो. भाजी घेताना गिऱ्हाईक ती चाचपून पाहते. तराफ्याखालचा पट्टा कोण चाचपणार?

ड्रीमवर्ल्डची घटना एकाकी नाही. इंग्लंडमधील ड्रेटन मॅनर उद्यानात मे २०१७ मध्ये अशाच कृत्रिम नदीत पडून अकरा वर्षांची एक मुलगी मृत्यू पावली. अमेरिकेतील आयोवा राज्यात ॲडव्हेंचरलँड येथे जुलै २०२१ मध्ये तराफा उलटून अकरा वर्षांचा मुलगा दगावला. त्या खेळाची सरकारी तपासणी आदल्याच दिवशी झाली होती!

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो अगदीच गैरलागू नाही. कोट्यवधी लोक असे खेळ खेळून सुखरूप घरी जातात. रस्त्यावरचे अपघात याहून कितीतरी अधिक आहेत. नियमांचा बडगा उगारला तर तिकिटे महागतील आणि सामान्य माणसाची करमणूक हिरावली जाईल. परंतु येथे प्रश्न धोका शून्यावर आणण्याचा नाही. जो धोका अल्प खर्चात टळत होता आणि ज्याची पूर्वसूचनाही मिळाली होती, तो का टाळला नाही, एवढाच प्रश्न आहे. रस्त्यावर चालणारा माणूस काही अंशी स्वतःला सांभाळतो. तराफ्यात बांधून बसविलेला माणूस सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असतो.

दंड की किंमत?

ड्रीमवर्ल्डची मालक कंपनी आर्डेंट लीजर हिने गुन्हा कबूल केला आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिला ३६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. ड्रेटन मॅनर चालविणाऱ्या कंपनीला २०२२ साली दहा लाख पौंडांचा दंड झाला, पण ती कंपनी त्यापूर्वीच, २०२० साली, दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेली होती. दंड जर अपघातानंतर अनेक वर्षांनी आणि कित्येकदा रिकाम्या तिजोरीवर पडणार असेल, तर त्याची दहशत आजच्या निर्णयावर कितपत राहणार? दंडाची रक्कम धंद्याच्या इतर खर्चांसारखी एक किंमत बनली, की तिच्यातील शिक्षा नाहीशी होते.

क्वीन्सलँडने यातून काही धडा घेतला, हे नमूद केले पाहिजे. कामाच्या ठिकाणच्या बेपर्वाईने मृत्यू ओढवल्यास मनुष्यवधाचा स्वतंत्र गुन्हा मानणारी तरतूद तेथे २०१७ साली झाली. २०१९ मध्ये मोठ्या उद्यानांसाठी परवान्याची नवी पद्धत आली. आपला प्रत्येक खेळ सुरक्षित कसा आहे, हे आता मालकाने आधी साधार मांडावे लागते. पूर्वी धोका सिद्ध करण्याचे ओझे अपघातावर होते. आता सुरक्षितता सिद्ध करण्याचे ओझे मालकावर आले. कायद्यातील हा बदल दंडाच्या कोणत्याही आकड्याहून मोलाचा आहे.

हा विचार भारतालाही परका नाही. अहमदाबादच्या कांकरिया येथे जुलै २०१९ मध्ये झुलणारा पाळणा कोसळून दोघांचा मृत्यू झाला. गावोगावच्या जत्रांत रात्रीतून उभे राहणारे आकाशपाळणे दुसऱ्या दिवशी मुलांनी भरून जातात. त्यांचे खिळे कोणी, केव्हा तपासले, याची नोंद तिकीटखिडकीवर लावावी, तपासनिसाचा पगार मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसावा आणि न घडलेल्या पण घडू शकल्या असत्या अशा अपघातांची वही ठेवणे सक्तीचे असावे, या मागण्या फार मोठ्या नाहीत. ड्रीमवर्ल्डला २००१ साली मिळालेला इशारा अशा वहीत उघडपणे नोंदला गेला असता आणि बाहेरच्या कोणी तो वाचला असता, तर चार माणसे आज जिवंत असण्याची शक्यता होती. भीती विकणाऱ्याने ती खुशाल विकावी. मात्र तिच्यासोबत दिलेला निर्धास्ततेचा शब्द किती खरा आहे, हे पाहण्याचा हक्क तिकीट काढणाऱ्याला असलाच पाहिजे.