केंद्रक टाकून देणारी पेशी

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला दोन स्लाइड शेजारी ठेवल्या होत्या. एकीवर कोंबडीचं रक्त, दुसरीवर माझ्याच बोटाचं. लीशमन रंग दिल्यावर कोंबडीच्या लांबट तांबड्या पेशींत मधोमध जांभळा ठिपका उमटला, तो केंद्रक. माझ्या पेशी मात्र मध्ये फिकटलेल्या नुसत्या चकत्या. रंग नीट चढला नाही म्हणून मी स्लाइड पुन्हा धुतली!

रंग चढला होता. केंद्रकच नव्हतं.

अस्थिमज्जेत ही पेशी घडत असते तेव्हा तिच्याजवळ केंद्रक असतं आणि त्यात डीएनए तोच, जो यकृताच्या किंवा मेंदूच्या पेशीत असतो. कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद, यावर तिचं पुढचं आयुष्य ठरतं. ऑक्सिजन कमी पडू लागला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडतं. त्याच्या जोरावर मज्जेतल्या होतकरू पेशी तगतात. गाटा-१ नावाचं प्रथिन डीएनएवर बसून ग्लोबिनची जनुकं जागी करतं. पेशीत हिमोग्लोबिन भरू लागतं, एकेकीत सुमारे २७ कोटी रेणू.

मग आवराआवर सुरू होते. केंद्रक आक्रसतं, कडेला सरकतं आणि पेशी ते चक्क बाहेर ढकलते. या पेशी एका महाभक्षक पेशीभोवती कोंडाळं करून वाढतात. टाकलेलं केंद्रक तीच गिळते. पाठोपाठ मायटोकाँड्रियाही जातात. त्यामुळे जन्मभर ऑक्सिजन वाहणारी ही पेशी स्वतःची ऊर्जा मात्र ऑक्सिजनविना ग्लुकोज मोडून मिळवते. मिठाईच्या गल्ल्यावर मधुमेही बसावा, तसं.

केंद्रक गेल्यानं जागा होते, अंग लवचिक होतं, साडेसात मायक्रॉनची चकती स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून दुमडून निघते, असं पुस्तकं सांगतात. मला हे कारण पुरेसं वाटत नाही. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतंच, तरी हिवाळ्यात जायकवाडीला येणारे पट्टकादंब पक्षी त्या केंद्रकासकट हिमालय ओलांडतात.

केंद्रक नाही म्हणजे नवी प्रथिनं नाहीत, डागडुजीही नाही. सुमारे १२० दिवसांत पेशी ताठरते आणि प्लीहेत किंवा यकृतात महाभक्षकांच्याच तोंडी जाते. लोह तेवढं मज्जेकडे परततं. लॅबवाले ज्याला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात, ती तपासणीही या आयुर्मानावरच बेतलेली आहे. हिमोग्लोबिनला एकदा पक्की चिकटलेली साखर पेशी मरेपर्यंत सुटत नाही.