रेवदंड्याच्या ओटीवरून जुबैलचा सर्व्हर



आमची नातवंडं म्हणतात, सबा गावाहून आले की दोनच गोष्टी सांगतात: पापलेट केवढ्याला झालं आणि कोण कोण वारलं. तेव्हा या खेपेला आम्ही रेवदंड्याहून एका यंत्राची गोष्ट आणली आहे. गोष्ट घडली सौदी अरेबियात, आम्ही ती ऐकली आपल्या कोकणातल्या एका ओटीवर. आजी-आजोबांनी ही मुलांना मोठ्यानं वाचून दाखवावी. जिथं अडेल तिथं मुलं आजी-आजोबांना समजावून देतील, याची आम्हाला खात्री आहे.

आमच्या आळीमागं कोकणी मुसलमानांची घरं आहेत. त्यातल्या एका घरचे वडील आणि आम्ही शाळेत एकाच बाकावर बसत होतो. ते आता नाहीत. मुलगा सौदीत जुबैलला एका कंपनीत संगणकांचं काम बघतो, आणि आम्ही गेलो तेव्हा सुट्टीवर आला होता. जुबैल म्हणजे दम्मामच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर, आखाताच्या काठी. एके काळी मासेमारीचं आणि मोती काढणाऱ्यांचं गाव, म्हणजे आपल्या रेवदंड्याचंच भावंड म्हणा. १९७५ साली तिथल्या सरकारनं जुबैल आणि यानबूसाठी शाही आयोग नेमला आणि गावाचं कारखान्यांचं शहर झालं. सगळा कारभार तेलाचा. आपण पडलो शनिवार तेली, तेव्हा तेलाच्या मुलखातली गोष्ट ऐकायला आपली हरकत नसावी.

शुक्रवारची दुपार होती. आम्ही चहाला गेलो होतो आणि मनात हिशेब होता की दिवे लावायच्या आत घरी परतायचं. चहा येतो न येतो तोच पोराचा फोन वाजला. जुबैलहून त्याचा जोडीदार बोलत होता, केरळचा, नवीनच लागलेला. तिकडं आपल्यापेक्षा अडीच तास मागे, जुम्याची नमाज नुकतीच संपलेली. कचेरी सुट्टीमुळं रिकामी, म्हणून नवा सर्व्हर त्याच दिवशी सुरू करायचा होता. "काका, पाच मिनिटं हं," म्हणून पोरानं फोन कानाला लावला. पाच मिनिटांचा दीड तास झाला.

सर्व्हर म्हणजे संगणकच. पण त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. पिझ्झाच्या खोक्यासारखा चपटा, लोखंडी मांडणीत एकावर एक बसवलेला, थंडगार खोलीत, कुलपाआड. त्याच्याजवळ रोज कुणी बसत नाही. मग रात्री दोन वाजता तो बंद पडला तर? पूर्वी कुणीतरी उठून गाडी काढून जायचं आणि बटण दाबायचं. आता या खोक्याच्या पोटात दुसरा एक चिमुकला संगणक बसवलेला असतो. त्याला बीएमसी म्हणतात. मुंबईकरांनी दचकू नये, महानगरपालिकेशी याचा काही संबंध नाही! हा छोटा म्हणजे रात्रपाळीचा वॉचमन. मोठा झोपलेला असला तरी भिंतीत वायर खोचलेली आहे तोवर हा जागा. त्याला स्वतःची वेगळी नेटवर्कची वायर, स्वतःचा पत्ता. दुसऱ्या खोलीतून किंवा दुसऱ्या शहरातून त्याला हाक मारायची की तो मोठ्याला उठवतो, झोपवतो, अंगातली गरमी मोजतो आणि मोठ्याच्या पडद्यावर जे दिसलं असतं ते तुमच्या पडद्यावर आणून दाखवतो. १९९८ साली इंटेल, डेल, ह्युलेट-पॅकार्ड आणि एनईसी या चार कंपन्यांनी मिळून या वॉचमनांसाठी एक सामाईक नियमावली केली. तरीही प्रत्येकीनं आपल्या वॉचमनाला नाव वेगळं ठेवलं. डेलचा आयड्रॅक. ह्युलेट-पॅकार्डचा आयलो.

आयलो! आम्ही हसायला लागलो. आमच्या आळीत मागच्या दारातून येणारा माणूस हेच ओरडत यायचा, "आयलो गं!" पोरगा म्हणाला, "काका, मी पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. तिकडं कुणाला समजलं नाही का हसतो ते."

पहिला प्रश्न पोरानं विचारला तो विजेचा. मशीनच्या मागं दोन पॉवर सप्लाय असतात, दोघांच्या वायरी दोन वेगळ्या पट्ट्यांत जायला हव्यात, म्हणजे एक लाईन गेली तरी दुसरीवर चालतं. सौदीत जुन्या घरांतून आणि कचेऱ्यांतून दोन तऱ्हेचे सॉकेट सापडतात, एक ११०-१२७ चा, एक २२० चा. मोठ्या पॉवर सप्लायला २०० च्या वर लागतात, चुकीच्या जागी खोचलं तर तो उठतच नाही. शिवाय तिथली वीज सेकंदाला ६० फेऱ्यांची, आपली इथली आणि भारतातली ५० ची. सर्व्हरला त्याचं काही वाटत नाही, पण गावाहून नेलेला पंखा तिकडं जरा जोरात फिरतो, असं पोराच्या अम्मीनं आतून सांगितलं.

वायरी खोचल्या. जोडीदाराचा आवाज चढला. पंखे एकदम घरघरले आणि शांत झाले, मशीन मेलं, मी बटण दाबतोय, पुन्हा दाबतोय! पोरगा शांतपणे म्हणाला, "हात काढ. दिवा कुठला दिसतो?" नारिंगी. "मग ठीक आहे. नारिंगी म्हणजे वीज पोचली, मोठा झोपलाय आणि वॉचमन कपडे करतोय. दोन मिनिटं थांब." आम्हाला आपल्या घरचं शाऑन शब्बात आठवलं. दिवा विझलेला असतो, पण घड्याळाची चक्री फिरत असते आणि वेळ झाली की तीच दिवा लावते.

दोन मिनिटांनी बटण दाबलं, दिवा हिरवा झाला. मग वॉचमनाचा पत्ता ठरवायचा. एवढ्यापुरता एकदा पडदा आणि कीबोर्ड ट्रॉलीवरून आणून जोडावा लागतो. सुरू होताना एफ-९ दाबायचं, आत जाऊन आकडे भरायचे. मग लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता लिहायचा. ब्राउझर लगेच लाल अक्षरांत ओरडतो की हे ठिकाण भरवशाचं नाही. घाबरायचं कारण नसतं. वॉचमननं आपल्या ओळखपत्रावर सही स्वतःचीच केलेली असते, ब्राउझरला ती पटत नाही, इतकंच. पुढं नाव आणि परवलीचा शब्द. तो मशीनच्या अंगावर ओढून काढायच्या एका पट्टीवर छापलेला असतो, आठ अक्षरं. जोडीदारानं तीनदा टाकला, तीनदा चूक. शेवटी कळलं की तो शून्याला ओ वाचत होता. चष्मेवाल्या वाचकांनी हसू नये, आमचंही बँकेत असंच होतं.

त्याआधी तर पानच उघडेना. कारण काय, तर मागं चार-पाच सारखीच भोकं, आणि त्यानं वायर भलत्यात घातलेली. आयलोचं भोक वेगळं असतं, त्यावर नाव असतं. ते सापडलं. पण आता तो म्हणाला, "भाई, आपला वेगळा स्विच लांब आहे, वायर पुरत नाही. कचेरीच्या साध्या स्विचमध्ये लावू का? मग तुम्हाला पण घरून दिसेल, मला फोनवर सांगायला नको."

आमच्याही मनात तेच आलं होतं. इतकं सगळं दुरून करता येतं, मग हा पोरगा तासभर फोनवर घसा का कोरडा करतोय? पण त्याचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "बिलकुल नाही. लांब वायर आणून लाव. मी थांबतो."

वायर येईपर्यंत त्यानं आम्हाला कारण सांगितलं.

१५ ऑगस्ट २०१२. आपल्याकडं स्वातंत्र्यदिन, तिकडं रमजानचे शेवटचे दिवस, लैलतुल कद्रचा सुमार. दहरानच्या सौदी अरामको कंपनीतली बरीचशी माणसं घरी. सकाळी अकराच्या सुमाराला संगणक एकामागून एक मरायला लागले. आत शिरलेल्या विषाणूला पुढं शमून नाव पडलं. तो फायली पुसायचा, त्यांच्या जागी जळत्या अमेरिकन झेंड्याच्या चित्राचा तुकडा टाकायचा आणि शेवटी डिस्कचा तो भागच खाऊन टाकायचा ज्यावाचून संगणक जागाच होत नाही. कंपनीनं स्वतः सांगितलेला आकडा सुमारे ३०,००० संगणकांचा. अमेरिकी अधिकाऱ्यांनी बोट इराणकडं दाखवलं. विहिरींतून तेल निघणं थांबलं नाही, कारण त्या यंत्रांचं जाळं कचेरीच्या जाळ्यापासून तोडून ठेवलेलं होतं. पण कचेरी आडवी झाली. नंतर कंपनीसाठी काम केलेल्या एका तज्ज्ञ बाईंनी २०१५ साली सांगितलं की कागदं, फॅक्स आणि टाईपरायटरवर कारभार चालवावा लागला. आमच्यासारख्या टाईपरायटरवाल्यांना तेव्हा कुणी बोलावलं नाही, हे वेगळं.

"मग काका, बघा," पोरगा म्हणाला. "डिस्क पुसली तरी आयलो मरत नाही, तो डिस्कवर राहतच नाही, स्वतःच्या चिपवर राहतो. कोरं मशीन मी त्याच्यामार्फत दुरून पुन्हा भरू शकतो, माझ्या लॅपटॉपवरची सीडी त्या मशीनला आपलीच वाटते. टेबलावरच्या संगणकांना सहसा असा वॉचमन नसतो, तिथं माणसालाच एकेकापाशी जावं लागतं. पण हाच वॉचमन चोराच्या ओळखीचा निघाला तर? तो मशीन बंद करील, पुसून टाकील, आणि वरून बघणाऱ्याला काही कळणार नाही."

ही नुसती भीती नाही. डेलच्या वॉचमनाचा परवलीचा शब्द वर्षानुवर्षं एकच असायचा, कॅल्विन. जगात सगळीकडं तोच! सुपरमायक्रोचा तर नाव तेच आणि शब्दही तोच. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२० पासून कायदाच केला की प्रत्येक यंत्राचा शब्द निराळा हवा किंवा पहिल्यांदा वापरताना बदलायला लावा. आणि आयलोची गंमत मुलांनी ऐकावी. त्याच्या चौथ्या पिढीत अशी चूक होती की विशिष्ट जागी इंग्रजी 'ए' हे अक्षर २९ वेळा लिहून पाठवलं की वॉचमन गोंधळून शब्द न विचारताच दार उघडायचा. कंपनीनं २०१७ साली दुरुस्ती काढली, तपशील २०१८ साली सर्वांना कळले. डिसेंबर २०२१ मध्ये इराणातल्या एका सुरक्षा कंपनीनं जाहीर केलं की त्यांना आयलोच्या आतच लपून बसणारा विषाणू सापडला. मालक दुरुस्ती चढवायला गेला की तो "चढली, चढली" असं खोटंच दाखवायचा.

सौदीत याहून भयंकर प्रकार २०१७ साली झाला. एका पेट्रोरसायन कारखान्यात धोका दिसला तर सगळं आपोआप थांबवणारी जी सुरक्षायंत्रं असतात, त्यांच्यातच कुणीतरी दुरून शिरलं. त्या यंत्राला समोर एक खरीखुरी लोखंडी किल्ली असते, ती फिरवली की बाहेरून बदल करता येत नाहीत. किल्ली 'बदल करा' या खुणेवर तशीच राहून गेली होती. शिरणाऱ्यांच्या हातून चूक झाली आणि ऑगस्टमध्ये यंत्रांनी कारखाना बंद पाडला, म्हणून ते उघडकीला आलं. नाहीतर माणसं गेली असती.

"मग दुरून चालवायचंच कशाला?" आम्ही विचारलं. तो हसला. थुवलच्या विद्यापीठात २०१५ साली शाहीन-दोन नावाचा महासंगणक बसवला, त्याच्या पोटात ६,१७४ वेगवेगळे संगणक. बटणं दाबत कोण हिंडणार?

आकडा ऐकून आम्ही कप खाली ठेवला. ६१७४ म्हणजे आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांची संख्या! मुलांनो, सगळे आकडे सारखे नसलेली चार आकडी संख्या घ्या. आकडे मोठ्यापासून लहान मांडा, मग लहानापासून मोठे मांडा आणि वजा करा. उत्तराला पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. २०१२ घेऊन बघा: २२१० वजा ०१२२ म्हणजे २०८८. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. मास्तरांनी हे १९४९ साली शोधलं. सौदीच्या लोकांनी हा आकडा मुद्दाम निवडला असेल असं आम्हाला वाटत नाही, पण पोरानं कागदावर वर्षं मांडून तीनदा करून बघितलं.

तेवढ्यात लांब वायर आली. ती वेगळ्या स्विचमध्ये गेली. त्या स्विचमधून बाहेरच्या जगात जायला वाटच नाही, आत यायला कचेरीतल्या एकाच संगणकाचं दार, आणि तेही शब्दाबरोबर फोनवर येणारा आकडा दिल्यावर. देशाबाहेरून तर कुणालाच नाही, अगदी सुट्टीवर आलेल्या पोरालाही नाही. पान उघडलं. त्यानं जोडीदाराकडून छापील शब्द बदलून घेतला, घड्याळ सौदीच्या वेळेवर लावून घेतलं, जुन्या पद्धतीचं एक दार बंद करून घेतलं. मग मशीन एकदा पूर्ण बंद करायला लावलं आणि त्याला खोलीबाहेर काढलं. "कुलूप लाव. आपल्या खुर्चीवर जा. आता तिथून चालू कर."

फोनवर बराच वेळ नुसते पायांचे आवाज. मग खुर्ची ओढल्याचा. मग तो केरळी पोरगा ओरडला की काळ्या चौकटीत अक्षरं पडतायत, मशीन उठलं!

"आयलो," आमचा पोरगा म्हणाला आणि फोन ठेवला. चहा केव्हाच गार झाला होता. आम्ही उठलो, कारण नारळांच्या मागं ऊन उतरलं होतं आणि घरी आमची वाट बघत वातीला काडी लावायची थांबलेली होती.