रिव्हेटची एक ओळ

१२ ऑगस्ट १९८५. जपानमध्ये ओबोन सणाची गर्दी. संध्याकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी टोकियोच्या हानेदा विमानतळावरून जपान एअरलाइन्सचे १२३ क्रमांकाचे बोइंग ७४७ विमान ओसाकाकडे निघाले. आत ५२४ माणसे. बारा मिनिटांनी, सुमारे २४ हजार फुटांवर मागे मोठा आवाज झाला.

तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच पुन्हा पुन्हा वाकवली की हलक्या हातानेही तुटते. हा धातूला येणारा थकवा. उंचावर हवा विरळ, म्हणून विमानात हवेचा दाब राखावा लागतो. प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग किंचित फुगते, उतरल्यावर पूर्ववत होते. हा ताण शेपटीकडे एक घुमटाकार भिंत पेलते.

१९७८ मध्ये ओसाकाला उतरताना याच विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती. बोइंगच्या तंत्रज्ञांनी भिंतीचा खालचा भाग बदलला. सांध्यात एक सलग पट्टी घालायची होती. ती दोन तुकड्यांत बसवली गेली. वरून पाहता काम चोख. प्रत्यक्षात रिव्हेटच्या दोन ओळींनी पेलायचा भार एकाच ओळीवर आला. छिद्रांच्या कडांना केसासारख्या भेगा पडल्या आणि उड्डाणागणिक वाढत गेल्या. नेमाने झालेल्या तपासण्यांत त्या कोणाला दिसल्या नाहीत. दुरुस्तीनंतर सुमारे १२ हजार ३०० उड्डाणे झाल्यावर भिंत फाटली.

आतली हवा शेपटीत घुसली. उभ्या शेपटीचा बराचसा भाग उडाला आणि हायड्रॉलिक तेलाच्या चारही यंत्रणा रिकाम्या झाल्या. (चार यंत्रणा असतात त्या एक गेली तर दुसरी हवी म्हणून, पण चौघींच्या नळ्या शेपटीत एकाच जागी होत्या.) सुकाणू निकामी झाल्यावर वैमानिकांनी केवळ इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान ३२ मिनिटे हवेत ठेवले. मग ते गुन्मा प्रांतातल्या डोंगरावर आदळले.

बचाव पथके पोहोचली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. चौघी वाचल्या, सगळ्या मागच्या भागात बसलेल्या. अपघातानंतर आसपास माणसांचे आवाज येत होते, ते हळूहळू थांबले, असे त्यांच्यातल्या एकीने पुढे सांगितले. ५२० जण गेले. एकाच विमानाच्या अपघातात याहून जास्त बळी आजवर गेलेले नाहीत.

पुढे ७४७ विमानांत शेपटीकडची नळी फुटली तरी सगळे तेल वाहून जाऊ नये, अशी सोय करण्यात आली. ती फाटलेली भिंत हानेदाजवळच्या कंपनीच्या सुरक्षा केंद्रात ठेवली आहे. प्रशिक्षणासाठी येणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती दाखवतात.