मॅटवरची कुस्ती आणि मॅटबाहेरच्या दंतकथा

सांबोच्या वर्गात नाव घातलं की पहिली शिकवणी असते ती पडण्याची. आधी उकिडवं बसून मागे पडायचं. हनुवटी छातीला टेकलेली, पाठ गोल, आणि पाठ मॅटला लागते न लागते तोच दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली करून मॅटवर आपटायचे. मग अर्धवट उभं राहून, मग उभ्याने, मग ओणव्या झालेल्या जोडीदाराच्या पाठीवरून. कुशीवर पडण्याची रीत वेगळी, खांद्यावरून कोलांटी घेण्याची वेगळी. प्रशिक्षक ओरडतात ते बहुधा एकाच चुकीवर. पडताना माणूस आपसूक हात मागे टेकवायला जातो, आणि मनगट किंवा कोपर मोडतं ते त्यामुळेच. रशियातल्या बर्फाळ फुटपाथवर हा धडा कामाला यायला हल्लेखोराची वाट बघावी लागत नाही.

रशियन मार्शल आर्ट शिकायची म्हटलं की हल्ली दोन नावं समोर येतात, सांबो आणि सिस्टेमा. सिस्टेमाचे व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिलेले असतात. लष्करी पँट घातलेला, अंगाने भरलेला एक गृहस्थ शांतपणे उभा असतो, तिघं-चौघं त्याच्यावर चालून येतात आणि त्याचा हात जेमतेम लागताच लोळण घेतात. सांबोचं असं काही दिसत नाही. तिथे दोघं घामाघूम होऊन एकमेकांच्या जाकिटाला लोंबकळत असतात. स्वसंरक्षणासाठी यांपैकी काय शिकावं, याचं माझं उत्तर सांबोच्या बाजूने आहे. पण ते उत्तर परंपरेच्या थोरवीतून आलेलं नाही, कारण परंपरेच्या नावाखाली दोन्हीकडे गोष्टी रचल्या गेल्या आहेत.

सांबोची अधिकृत जन्मतारीख 16 नोव्हेंबर 1938. त्या दिवशी सोव्हिएत क्रीडा समितीने आदेश क्रमांक 633 काढला आणि या कुस्तीला देशभर मान्यता मिळाली. रशियात हा दिवस आजही सांबो दिन म्हणून पाळतात. पुढची अनेक दशकं पुस्तकांतून एकच हकिकत सांगितली गेली. अनातोली खारलाम्पिएव्ह या प्रशिक्षकाने सोव्हिएत प्रजासत्ताकांतून हिंडून जॉर्जियाची चिदाओबा, तातारांची कुरेश, उझबेकांची कुराश अशा लोककुस्त्यांतले डाव गोळा केले आणि त्यांतून सांबो घडवलं. ही हकिकत खोटी नाही, पण तिच्यातून एका माणसाला काढून टाकलेलं होतं.

तो माणूस म्हणजे वासिली ओश्चेप्कोव्ह. त्याची गोष्ट सखालिन बेटापासून सुरू होते. झारच्या काळात तिथे कैद्यांना पाठवत. त्याची आई अशीच शिक्षा भोगायला आलेली. अकराव्या वर्षी तो पोरका झाला आणि 1907 मध्ये त्याला टोकियोच्या ऑर्थोडॉक्स मिशनच्या शाळेत धाडण्यात आलं. आर्चबिशप निकोलाय यांच्या त्या शाळेत धर्मशिक्षणाबरोबर ज्यूदोही चाले. 1911 मध्ये ओश्चेप्कोव्ह ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांच्या कोदोकान या शाळेत दाखल झाला आणि 1913 मध्ये त्याने काळा पट्टा मिळवला. काळा पट्टा घेणारा पहिला रशियन म्हणून त्याचं नाव घेतात. 1914 मध्ये व्लादिवोस्तोकला परतून त्याने ज्यूदोचा वर्ग काढला. पुढे लाल सैन्याच्या गुप्तवार्ता खात्यासाठी तो काम करू लागला आणि चित्रपट दाखवण्याच्या धंद्याच्या आडून जपान्यांवर नजर ठेवत राहिला.

1929 च्या अखेरीस तो मॉस्कोत आला. पुढे तिथल्या शारीरिक शिक्षण संस्थेत त्याने ज्यूदो शिकवला, आणि शिकवता शिकवता तो बदलतही नेला. खारलाम्पिएव्ह त्याच संस्थेतला त्याचा विद्यार्थी. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये जपानचा हेर म्हणून ओश्चेप्कोव्हला अटक झाली. जपानमध्ये त्याने हेरगिरी केली होती हे खरंच, फक्त ती सोव्हिएत सरकारसाठी होती. मॉस्कोच्या बुतीर्का तुरुंगात दहा दिवसांच्या आत त्याचा अंत झाला आणि कागदावर हृदयविकार नोंदला गेला. आदेश क्रमांक 633 निघाला त्यानंतर वर्षभराने. देशद्रोही ठरलेल्या गुरूचं आणि शत्रुराष्ट्राच्या विद्येचं नाव त्या वेळी कोण घेणार? खारलाम्पिएव्हला मी सरळ दोषी धरणार नाही. नाव घेतलं असतं तर कुस्तीही गेली असती आणि तोही. 1957 मध्ये ओश्चेप्कोव्ह निर्दोष ठरला, तरी सांबोच्या इतिहासात त्याला जागा मिळायला आणखी काही दशकं जावी लागली. मिखाईल लुकाशेव्ह यांच्यासारख्या संशोधकांनी कागदपत्रं खणून काढली तेव्हा कुठे ती मिळाली.

सांबोचा दुसरा धागा व्हिक्टर स्पिरिदोनोव्ह यांचा. हे झारच्या सैन्यातले अधिकारी, युद्धात जखमी झालेले. गुप्त पोलिसांशी जोडलेल्या ‘दिनामो’ क्रीडासंस्थेत ते हात मुरगाळण्याचे, सांधे आवळण्याचे डाव शिकवत. त्यांच्या 1927 च्या पुस्तकाच्या नावात जुजुत्सूचा उघड उल्लेख होता. दहा वर्षांनी तसं नाव छापायची कुणाची छाती झाली नसती.

लोककुस्त्यांचे डाव गोळा होत होते त्याच सुमारास, 1936 पासून, बडोद्यात द. चिं. मजुमदार मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड काढत होते. तो प्रकल्प दहा खंडांपर्यंत गेला, तोही कुठल्या सरकारी आदेशाच्या धाकाशिवाय. 

आदेश क्रमांक 633 मध्ये सांबोला ‘मुक्त शैलीची कुस्ती’ म्हटलं होतं. महायुद्धानंतर सोव्हिएत संघाला ऑलिम्पिकमधली फ्रीस्टाइल खेळायची होती, तिला हे नाव हवं होतं, म्हणून देशी कुस्तीला ‘शस्त्राविना स्वसंरक्षण’ या अर्थाच्या रशियन शब्दांपासून केलेलं ‘सांबो’ हे नाव कायम झालं. त्या फ्रीस्टाइलची पुढची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं त्या गटात रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेकोव्हचं होतं आणि सुवर्ण जपानच्या शोहाची इशीचं. हा इशी मूळचा ज्यूदोपटू.

सांबोवाले जपान्यांच्या मूळ अंगणात उतरले ते 1964 मध्ये. टोकियोत ज्यूदो पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला आणि सोव्हिएत चमूने चार कांस्यपदकं नेली. त्यातले खेळाडू सांबोत घडलेले होते. ही पदकं मला कुठल्याही वंशावळीपेक्षा मोलाची वाटतात. परक्या नियमांत, परक्या पंचांपुढे, पडायला बिलकूल तयार नसलेल्या माणसाला त्यांनी पाडलं होतं.

आता नवशिक्याच्या कामाचं. सांबोचा पोशाख म्हणजे जाड सुती जाकीट (रशियात त्याला ‘कुर्तका’ म्हणतात), आखूड चड्डी आणि मऊ तळव्याचे बूट. जाकीट लाल किंवा निळं. त्याच्या खांद्यांवर धरायला शिवलेल्या पट्ट्या असतात आणि कमरेचा पट्टा जाकिटाला पाडलेल्या फटींतून ओवलेला, म्हणजे ओढाताणीत सुटत नाही. पडणं जमलं की पकड येते, पकडीनंतर समोरच्याचा तोल घालवणं, आणि मग पहिला डाव, बहुतेक ठिकाणी मागून पाय लावून पाडण्याचा. तालमीत ज्याने टांग मारली आहे त्याला हे परकं वाटणार नाही. निकालाची रीत मात्र निराळी. समोरचा सपशेल पाठीवर आणि पाडणारा आपल्या पायांवर उभा राहिला, तर कुस्ती तिथेच संपली. आपल्याकडे चितपट करताना वरचा पैलवानही मातीत आलेला चालतो. रस्त्यावरच्या प्रसंगाचा विचार केला तर उभं राहण्यावरचा हा भर मला शहाणपणाचा वाटतो, कारण हल्लेखोराचे साथीदार असतात आणि पळायला पाय लागतात.

उलट, सांबोची खासियत असलेले पायाचे डाव, म्हणजे गुडघा उलटा ताणणं किंवा घोट्यामागची शीर दाबणं, रस्त्यावर करू नयेत. त्यासाठी स्वतः खाली बसावं लागतं. वर्गातही ते जपून शिकायचे. गुडघ्याचं दुखणं उशिरा कळतं आणि तोवर इजा झालेली असते. म्हणून कळ यायची वाट न बघता मॅटवर थाप मारावी किंवा ओरडावं. गळा आवळणं क्रीडा सांबोत निषिद्ध आहे. ते, आणि ठोसे-लाथाही, लढाऊ सांबोत चालतात. हा प्रकार लष्कर-पोलिसांत वाढला आणि सोव्हिएत काळ संपल्यावर खुल्या स्पर्धांत आला. मिश्र मार्शल आर्ट (एमएमए) गाजवणारे फ्योदोर एमेल्यानेन्को आणि दागेस्तानचा खबीब नूरमागोमेदोव्ह पुढे आले ते या वाटेने. नवशिक्याने आधी साधा सांबो करावा, डोक्यावर मार घ्यायची घाई नको.

एक अडचण कुणी सांगत नाही. थंड देशात माणसं जाड कोट घालून हिंडतात, तिथे जाकिटाची पकड रस्त्यावरही चालते. मे महिन्यातल्या कोल्हापुरात किंवा मुंबईच्या लोकलमध्ये घामाने ओला टी-शर्ट हातात फाटून येईल. तिथे लाल मातीतला पट, कमरेची आणि मानेची पकड जास्त भरवशाची.

सिस्टेमाबद्दल थोडक्यात. हे नाव मुख्यतः सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर जगापुढे आलं. क्रास्नोदारचे अलेक्सेई कादोच्निकोव्ह एका बाजूला, मॉस्कोचे मिखाईल र्‍याब्को आणि टोरांटोत शाळा काढलेले त्यांचे शिष्य व्लादिमीर वासिलिएव्ह दुसऱ्या बाजूला. श्वास, सैल शरीर, ताठ पण न आखडलेली बैठक आणि सततची हालचाल यांवर भर असतो. मुठींवर अगदी संथ जोर काढत श्वास मोजायचा, लाकडी फरशीवर आवाज न करता लोळायचं, हे व्यायाम खरोखर चांगले आहेत. घाबरलेल्या माणसाचा श्वास अडकतो, त्यावर काम करणं वाया जात नाही. पण हजार वर्षांच्या कोसॅक योद्ध्यांचा वारसा म्हणून जे सांगितलं जातं त्याला कागदाचा आधार नाही, आणि स्पर्शाशिवाय माणसं पाडण्याची प्रात्यक्षिकं चालतात ती शिष्यांवरच. गुरूबद्दलच्या आदराने पडणं आणि पाडलं जाणं यांत फरक आहे. तो शिष्यालाही कळत नाही, ही त्यातली खरी काळजीची गोष्ट.

तेव्हा वर्ग सांबोचा असो, सिस्टेमाचा असो की आणखी कशाचा, पैसे भरण्याआधी एक अख्खा तास कडेला बसून बघा. शेवटच्या वीस मिनिटांत दोघं खरोखर एकमेकांना पाडायचा प्रयत्न करतात का? ज्याला पडायचं नाही तो पडतो का, आणि कधी कधी शिकवणाऱ्याचा डावही फसतो का? थाप पडताच पकड सुटते का? या प्रश्नांची उत्तरं होकारार्थी असतील तर नाव घाला. नसतील, तर घराजवळच्या तालमीच्या वस्तादांना जाऊन भेटा.