ऱ्हाइनकाठचा पावसाळी दिवस आणि दोन ई-सायकली

ई-सायकलवरच्या लांबच्या सफरीत एखादा दिवस पावसाचा निघतोच. युरोपात अशा सफरींसाठी ऱ्हाइन नदीकाठचा मार्ग विशेष आवडता आहे. स्वित्झर्लंडच्या डोंगरांत सुरू होऊन नेदरलँड्समध्ये समुद्राला भिडणारा हा मार्ग सुमारे १,२३० किलोमीटरचा आहे. जर्मनीतील बिंगेन ते कोब्लेन्झ हा त्यातला सुमारे ६५ किलोमीटरचा, एका दिवसात होणारा टप्पा. उतारांवर द्राक्षमळे, कड्यांवर जुने किल्ले असे हे खोरे २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सकाळपासून रिपरिप लागली असेल, तर दोघा मित्रांना या टप्प्यावर चार गोष्टी सांभाळाव्या लागतात: यंत्र, ब्रेक, बॅटरी आणि अंगातली ऊब.

यंत्राची काळजी सर्वांत कमी. युरोपीय नियमांनुसार अशा सायकलची मोटर २५० वॅटपर्यंतची असते. पेडल मारले तरच ती जोर लावते आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवते. बहुतेक बॅटऱ्या ३६ व्होल्टच्या आणि बंदिस्त खोक्यात असतात. पुष्कळ मोटरींवर ‘आयपी ५४’ असा दर्जा लिहिलेला असतो. त्यातला ४ हा आकडा सांगतो, की कोणत्याही बाजूने उडालेले पाणी आतल्या भागांना इजा करत नाही. बुडणे किंवा जोराच्या फवाऱ्याचा मारा मात्र या हमीत येत नाही. म्हणूनच चिखलाने माखलेली सायकल प्रेशर पंपाने न धुता बादलीभर पाणी आणि फडक्याने पुसतात.

ब्रेकचे तसे नाही. सामानासह ई-सायकलचे वजन सहज ४० किलोच्या वर जाते आणि ओल्या रस्त्यावर टायरची पकड घटते. डिस्क ब्रेक भिजला, की पहिल्या क्षणी त्याची पकड कमी पडते. चकतीवरचे पाणी पुसले गेल्यावर तो नीट धरतो. त्यामुळे अधूनमधून ब्रेक हलकेच दाबून चकती कोरडी ठेवणे चांगले. बाखाराख किंवा ओबरवेझेलसारख्या जुन्या गावांतली दगडी फरसबंदी, रस्त्यावरचे रंगीत पट्टे, ओला पालापाचोळा आणि रेल्वेचे रूळ या घसरण्याच्या ठरलेल्या जागा. रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत आणि वळणाआधीच वेग उतरवावा. भिजलेल्या चेनमधले तेल धुऊन जाते, म्हणून संध्याकाळी चेन पुसून तिला पुन्हा तेल द्यावे लागते.

बॅटरीचे गणित सरळ आहे. मध्यम मदतीवर सपाट रस्त्याने किलोमीटरमागे साधारण ८ वॅट-तास धरले, तर ६५ किलोमीटरना ५२० वॅट-तास लागतात. ५०० वॅट-तासांची बॅटरी थोडक्यात अपुरी पडते. त्यात समोरचा वारा, थंडी आणि भिजून जड झालेले सामान खर्च वाढवतात. वाटेत जेवणाला तासभर थांबून १५० वॅटच्या चार्जरने बॅटरी लावली, तर आणखी निदान १५ किलोमीटरांची सोय होते. मात्र चार्जर जोडण्याआधी बॅटरी आत नेऊन तिचे संपर्कबिंदू कोरडे करायलाच हवेत.

अंगातली ऊब हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. पेडल मारताना स्नायू खर्च करतात त्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच चाकाला मिळतो, उरलेली उष्णता बनते. साध्या सायकलवर म्हणूनच पावसातही घाम येतो. ई-सायकलवर श्रम मोटर उचलते, शरीर कमी तापते आणि ओल्या कपड्यांतून वारा उरलेली ऊब खेचून नेतो. बोटे बधिर झाली की ब्रेकवरचा ताबाही जातो. यावर साधा उपाय म्हणजे मदतीची पातळी एक पायरी खाली आणणे. पाय जास्त चालतात, अंग गरम राहते आणि बॅटरीही पुरते. पावसाळी दिवशी शरीराची आणि बॅटरीची गरज अशी एकाच दिशेने जाते. मोजे आणि हातमोज्यांचा कोरडा जोड हाताशी असला, म्हणजे विश्रांती खरी उपयोगी पडते.

दोघांच्या प्रवासात वेग आणि पल्ला ज्याची बॅटरी कमी उरली आहे त्याच्या हिशेबाने ठरतो. एकाने पुढे जोरात जाऊन वाट पाहायची ठरवली, तर थांबलेला माणूस गारठतो आणि मागचा घाईने बॅटरी उडवतो. म्हणून प्रत्येक थांब्यावर दोघांनी आपापल्या बॅटरीचा आकडा एकमेकांना सांगावा. पुढच्या चाकाचे पाणी मागच्याच्या तोंडावर उडते, तेव्हा लांब मडगार्ड आणि मोकळे अंतर हवेच. ओल्या रस्त्यावर थांबायलाही ते अंतर लागते.

पाऊस वाढलाच तर या टप्प्यावर माघारीची सोय उत्तम आहे. माइन्झ ते कोब्लेन्झ नदीवर पूल नाही, पण बिंगेन, कौब, सांक्ट गोअर आणि बोपार्ड येथे फेरीबोटी आहेत. दोन्ही काठांवर रेल्वे धावते आणि लोकल गाड्यांत सायकली चढवता येतात. मुक्कामासाठी जर्मन सायकल संघटनेने मान्यता दिलेली हॉटेले आहेत. तिथे सायकलींना कुलूपबंद जागा आणि ओले कपडे वाळवायची सोय मिळते.

भारतातही २५० वॅटपेक्षा कमी मोटरच्या आणि २५ किलोमीटर वेगमर्यादेच्या अशा सायकलींना नोंदणी लागत नाही. मात्र कोकणातला पाऊस उबदार असतो, त्यामुळे तिथे गारठ्यापेक्षा साचलेल्या पाण्याचा धोका मोठा. आयपी ५४ दर्जाची मोटर बुडेल इतके पाणी रस्त्यावर दिसले, तर उतरून दुसरी वाट शोधावी किंवा पाणी ओसरेपर्यंत थांबावे.