ज्याच्या त्याच्या सवडीची पदवी

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंब मुलाच्या पदवीचा हिशेब मांडावयास बसले म्हणजे विद्यापीठाचे शुल्क हा त्यातील लहानसा आकडा ठरतो. कारण लोणार वा संग्रामपूर तालुक्यातील मुलास शहरगावी ठेवावयाचे, तर खोलीचे भाडे आणि खानावळ यांच्या जोडीला, तीन वर्षे घरातून उणे झालेल्या दोन हातांची मजुरीही जमाखर्चात धरावी लागते, आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

1 जुलै 1989 रोजी नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने हा न छापलेला खर्च ओळखला, हीच माझ्या मते त्याची सर्वांत मोठी कामगिरी होय. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठास 1969 मध्ये सनद मिळाली होती, दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 चे. परंतु मराठीतून घरबसल्या पदवी मिळण्याची व्यापक सोय झाली ती पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या कारकिर्दीपासून. गावोगावच्या महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रे उघडावयाची, तेथील प्राध्यापकांस समंत्रक नेमून सुटीच्या दिवशी संपर्कसत्रे घ्यावयाची आणि उरलेले अध्यापन पुस्तकाकडे सोपवावयाचे, अशी ती तजवीज. ते पुस्तक एकदा हाती घेऊन पाहावे: घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्येच वाचकास थांबवून विचारलेले प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे, जेणेकरून शिक्षक समोर नसतानाही शिकणाऱ्यास आपली चूक आपणच पडताळून पाहता यावी.

खर्चाची ही मांडणी बदलली म्हणूनच बाकांवरची माणसेही बदलली. रात्रपाळी आटोपून आलेला पोलीस शिपाई, मुख्यसेविकेच्या पदाची आस धरलेली अंगणवाडी सेविका, कपाशीची वेचणी घरच्यांवर सोपवून आलेला शेतकरी आणि लग्नामुळे शाळा सुटलेली, आता मुलाच्या बरोबरीने परीक्षेचा अर्ज भरणारी गृहिणी, ही सारी एका वर्गात बसू शकतात; बारावी न झालेल्यांसाठीही पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमाचे दार पुष्कळ वर्षे उघडे होते. नेमक्या तीन वर्षांतच पदवी पुरी केली पाहिजे असेही बंधन नसल्याने, दुष्काळी साल आले तर अभ्यास थांबतो, पण बुडत नाही.

तरीही विषयनिवडीचे स्वातंत्र्य कागदावर जेवढे दिसते तेवढे आडगावी उरत नाही. चारचौघांहून निराळा विषय घेणाऱ्यास बहुधा पुस्तकाचीच सोबत असते. उन्हाळी परीक्षा लांबून मृगापर्यंत आली की पेरणी की पेपर, हा पेच उभा राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा मान्यताप्राप्त पदवीस नियमित पदवीच्या तोडीचे मानले असतानाही ‘बाहेरून बी.ए.’ म्हणून तिची उपेक्षा करणारे लोक आहेत, हे मला मनापासून खटकते. दिवसाची मजुरी सांभाळून मिळवलेली पदवी कमी प्रतीची कशी? शासनास या मंडळींसाठी काही करावयाचे असेल, तर शुल्कमाफीच्याही आधी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून केंद्रावर येणाऱ्या बायकांच्या एस.टी. भाड्याची आणि परीक्षेच्या दिवसांत बुडणाऱ्या रोजाची भरपाई करावी.